दोन दांड्या, अठरा तारा

पुण्याच्या टिंबर मार्केटमधल्या वखारवाल्याने मला विचारलं, "काका, नक्की काय करायचंय?" मी खिशातला कागद उलगडून त्याच्यापुढे धरला. त्याने तो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला आणि म्हणाला, "दोघांनी मिळून वाजवायची आहे का?"

प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. १६९० साली पॅरिसच्या आलेक्झांद्र व्होबोआम या कारागिराने एक जोडगिटार केली होती. मोठ्या गिटारीच्या कुशीला एक लहान गिटार चिकटलेली, जणू कडेवरचं मूल. ती आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. म्हणजे एका अंगाला दोन दांड्या लावायची खोड मला किंवा रॉकवाल्यांना पहिल्यांदा लागलेली नाही.

मला करायची होती ती गिब्सन कंपनीची ईडीएस-१२७५. नाव एखाद्या सुट्या भागासारखं असलं तरी चेहरा बऱ्याच जणांच्या ओळखीचा असेल. चेरीच्या रंगाचं, दोन टोकदार शिंगांचं लाकडी अंग, त्यातून निघालेल्या दोन दांड्या, वरच्या दांडीवर बारा तारा आणि खालच्या दांडीवर सहा. गिटारवाले दांडीला नेक म्हणतात. आपल्याकडे सतारीमुळे ‘दांडी’ हा चांगला शब्द आयता आहे, तेव्हा मी तोच वापरणार. ईडीएस म्हणजे इलेक्ट्रिक डबल स्पॅनिश. छातीशी धरून वाजवतात ती स्पॅनिश आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती हवाईयन.

मी ती पहिल्यांदा पाहिली ती भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. ‘द साँग रिमेन्स द सेम’ हा लेड झेपेलिन या रॉक बँडचा चित्रपट १९७६ चा, त्यातली मैफल १९७३ ची, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली. कॅसेट इतकी घासलेली होती की त्यांचा गिटारवादक जिमी पेज याचा चेहरा धड दिसत नव्हता. दोन दांड्या मात्र स्पष्ट दिसत होत्या. त्या रात्री मित्राच्या वडिलांनी मत दिलं, "नुसता शोबाजीपणा आहे." पुढची पस्तीस वर्षं मलाही तसंच वाटत होतं. स्वतः करायला घेतली तेव्हा कळलं की ती शोबाजी नव्हती. ती एका अडचणीवर काढलेली तोड होती, आणि तीही बऱ्याच तडजोडी करून काढलेली.

अडचण अशी. ‘स्टेअरवे टू हेवन’ हे लेड झेपेलिनचं गाणं नोव्हेंबर १९७१ मध्ये आलं. रेकॉर्डिंगच्या वेळी पेजने दोन दांड्यांची गिटार वापरलीच नव्हती. सुरुवातीला अकूस्टिक, मध्ये बारा तारांची इलेक्ट्रिक, शेवटच्या सोलोला टेलिकास्टर गिटार, असे थरावर थर चढवले होते. स्टुडिओत हे जमतं. रंगमंचावर माणूस एक, हात दोन आणि गाणं थांबत नाही. चालू गाण्यात एक गिटार उतरवून दुसरी गळ्यात घालायला वेळ कुठून आणायचा? म्हणून त्याने दोन्ही एकदमच गळ्यात घातल्या. बारा तारांवर वाजवता वाजवता खटका सरकवायचा आणि हात चार बोटं खाली आणायचा, एवढंच.

बारा तारा म्हणजे बारा वेगळे सूर नव्हेत, त्या सहा जोड्या. खर्जाकडच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि तिच्याच सुराची, पण एक सप्तक वरची बारीक तार असते. उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा सारख्या. जोडीतल्या दोन तारा कितीही मिळवल्या तरी केसभर फरक राहतोच आणि त्या फरकातून आवाजाला एक लहरणारी चमक येते. ज्याने तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जवळून ऐकल्या आहेत, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

गिब्सनच्याही आधी ही कल्पना अमेरिकेतल्या कंट्री वादकांमध्ये फिरत होती. सेमी मोझली या तरुण कारागिराने १९५४ साली जो मॅफिससाठी दोन दांड्यांची गिटार केली. त्याच सुमाराला मिसुरी राज्यातल्या स्ट्रॅटोस्फिअर नावाच्या छोट्या कंपनीने बारा आणि सहा तारांची जोडी विकायला काढली आणि जिमी ब्रायंटने ती वाजवून दाखवली. मिशिगनमधल्या कॅलमाझू गावच्या गिब्सनने १९५८ मध्ये ईडीएस-१२७५ आणली, तीही फक्त मागणी नोंदवली तरच. ती पहिली आवृत्ती आतून पोकळ होती, वर स्प्रूसची कोरलेली फळी आणि पाठ-बाजू मेपलच्या. १९६२ च्या सुमारास तिचं सगळं रूप बदललं. आदल्या वर्षीच आलेल्या गिब्सनच्याच एसजी गिटारीची शिंगं आणि तिचं भरीव महोगनी अंग हिला मिळालं. मला हवी होती ती ही दुसरी. साठचं दशक संपता संपता कंपनीने ती बंदच करून टाकली. पेज आणि महाविष्णू ऑर्केस्ट्राचा जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या गळ्यात ती दिसू लागली, पुढे ईगल्सच्या डॉन फेल्डरने ‘हॉटेल कॅलिफोर्निया’साठी पांढरी घेतली, तेव्हा कुठे लोकांना ती हवीशी वाटली आणि कंपनीला पुन्हा काढावी लागली.

विकतच का नाही घेतली, असं घरातूनही विचारलं गेलं. उत्तर सोपं आहे. पेजच्या मूळ गिटारीची, जिचं साल कंपनीने १९६९ धरलं आहे, हुबेहूब प्रतिकृती गिब्सनने अलीकडेच काढली. फक्त ५० नग, प्रत्येकावर पेजची सही, आणि किंमत एका नगाला जवळपास ५० हजार डॉलर. तेवढ्यात आमच्या भागात निदान पार्किंगची जागा येईल. मुद्दा असा की खुद्द मूळ कंपनीच आपल्या जुन्या वस्तूची नक्कल करून विकते. मग एका निवृत्त टूलरूमवाल्याने घरात एक केली तर बिघडलं कुठे?

एक पथ्य मात्र पाळायचं. गिटारीच्या माथ्यावर कंपनीचं नाव घालायचं नाही. माथ्याचा तो उघड्या पुस्तकासारखा आकारही कंपनी स्वतःची ओळख मानते. त्यावरूनच १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझ गिटारींच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यावर दावा लावला होता आणि तो पुढे तडजोडीने मिटला. मी माथ्याचा आकार थोडा बदलला आणि तिथे नावच घातलं नाही. नक्कल करणं वेगळं आणि बनावट माल करणं वेगळं. या दोहोंतली रेघ माथ्यावरच पडते.

पहिलं काम नकाशाचं. मूळ गिटार हाताशी नाही, नकाशा कुठे मिळत नाही, हातात फक्त फोटो. आणि फोटो खोटं बोलतो. कॅमेरा थोडा जरी तिरपा असला तरी जवळचं शिंग मोठं आणि लांबचं माथं लहान दिसतं. मग मी टूलरूममधली जुनी युक्ती वापरली. फोटोतली अशी वस्तू शोधायची, जिचं माप जगभर एकच आहे. गिब्सनच्या पिकअपवरचं, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या भागावरचं, धातूचं झाकण साधारण ७० बाय ३८ मिलिमीटरचं असतं आणि या गिटारीवर अशी चार झाकणं आहेत. चारही झाकणं फोटोत मोजायची, प्रत्येकाचं प्रमाण काढायचं. चारही प्रमाणं जुळली तर फोटो सरळ, नाहीतर बाद. सत्तावीस फोटोंपैकी तीन टिकले. त्यांवरून मी खऱ्या मापाचा कागद काढला आणि तो महिनाभर कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवला. येता-जाता एखादी वळणाची चूक दिसायची. डोळ्याला जे खटकतं ते मापात सापडायला आणखी दोन दिवस लागतात, हा माझा कारखान्यातला अनुभव इथेही खरा ठरला.

दुसरं काम हिशेबाचं, आणि यात मी रमलो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. राग बदलला की सरकवता येतात, गाणाऱ्याच्या कानाशी जुळवता येतात. गिटारीचे पडदे, म्हणजे फ्रेट, लाकडात ठोकलेले. एकदा चुकले की कायमचे चुकले. तारेची लांबी दर पडद्याला एका ठराविक प्रमाणात कमी होत गेली पाहिजे, आणि ते प्रमाण म्हणजे २ चं बारावं मूळ, १.०५९४६. कारागिरांना सोयीचं रूप असं की उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं आणि येईल तिथे पडदा ठोकायचा. ईडीएस-१२७५ च्या दोन्ही दांड्यांची तार कागदावर पावणेपंचवीस इंच, म्हणजे ६२८.६५ मिलिमीटर. पहिला पडदा ३५.२८ वर, बारावा बरोबर मध्यावर ३१४.३ वर आणि विसावा, म्हणजे शेवटचा, ४३०.६ वर.

हे १७.८१७ यायच्या आधी शतकानुशतकं कारागीर सरळ १८ ने भागत. हा नियम गॅलिलिओच्या वडिलांनी, व्हिन्चेन्झो गॅलिलींनी, १५८१ च्या आपल्या ग्रंथात ल्यूटसाठी सांगितला होता. दुर्बीणवाल्या मुलाचे वडील संगीतकार होते आणि तारा ताणून मोजमापं करत, ही गोष्ट शाळेत कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. १८ ने भागलं तर माझ्या गिटारीचा बारावा पडदा सव्वादोन मिलिमीटर अलीकडे पडतो आणि सूर उतरा लागतो. पण तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो, त्यामुळे ही चूक थोडी झाकली जाते. जुन्या गिब्सनच्या पडद्यांची मापं नव्या सूत्राशी तंतोतंत जुळत नाहीत आणि तार प्रत्यक्षात पावणेपंचवीस इंचांपेक्षा जराशी आखूडच भरते. आता प्रतिकृती करायची म्हटल्यावर त्या जुन्या चुकाही उतरवायच्या का? मी नाही उतरवल्या. ज्याला जुनेपणा हवा असेल त्याने रंग उतरवावा, सूर कशाला उतरवायचा?

लाकडाची गोष्ट लांबली. मूळ गिटारीचं अंग होन्डुरास महोगनीचं. त्या महोगनीचा जागतिक व्यापार २००३ पासून परवान्यांच्या कक्षेत आहे. आपल्याकडे रस्त्याकडेला, बागांत, फार्महाउसांत महोगनी लावतात, पण वखारीत ‘महोगनी’ म्हणून दाखवलं जाणारं लाकूड दर वखारीत वेगळं निघालं. एकाने तर लाल रंग दिलेलं कुठलंसं लाकूड पुढे केलं. शेवटी दांड्यांपुरती खरी महोगनी मिळाली आणि अंगासाठी मी तून घेतली. महोगनी, तून आणि आपला कडुनिंब हे तिघे एकाच कुळातले आहेत, हे वनस्पतिशास्त्रवाल्यांना माहीत असतंच. तून हलकी, सरळ रेषांची, रंधा चालवला की गोड वास देणारी. सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या दांड्या पिढ्यान्‌पिढ्या याच लाकडाच्या होत आल्या आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी भोपळ्यांचे फोटो छापले. त्या वाद्यांमागचं लाकूडही कुणीतरी छापायला हवं होतं.

ज्या पट्टीवर पडदे बसतात ती पट्टी मूळ गिटारीत रोजवुडची. साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ब्राझीलचं रोजवुड चालत होतं. ते दुर्मीळ होत गेलं तसे अमेरिकन कारखाने भारतीय रोजवुडकडे वळले. भारतीय रोजवुड म्हणजे आपली शिसवी. सह्याद्रीतली. ज्या लाकडाचे आपल्याकडे पाट, पलंग आणि देव्हारे झाले, तेच लाकूड जगभरच्या गिटारींवर बोटांखाली असतं. आमच्या आजीच्या पलंगाची एक बाजू वाळवीने खाल्लेली होती, दुसरी शाबूत होती. सत्तर-ऐंशी वर्षं घरात मुरलेलं लाकूड, आता ते आणखी काय वाकणार? त्यातून दोन पट्ट्या निघाल्या. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुझ्या आजीला गाणं आवडायचं नाही."

कापाकापीचं वर्णन लांबवत नाही. अंगाचा साचा एमडीएफचा केला, राऊटर त्या साच्याच्या कडेने फिरवला, भुसा तीन मजले खाली गेला, सोसायटीचं पत्र आलं. दांड्यांच्या आत पोलादी सळई बसवायची असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तारा दांडीला पुढे ओढतात, सळई आवळली की ती दांडीला मागे रेटते. गिब्सनच्याच थॅडियस मॅकह्यूने ही युक्ती काढली आणि १९२३ मध्ये तिचं पेटंट मिळालं. आज पोलादी तारांच्या बहुतेक सगळ्या गिटारींत ती असते. सळया मी स्वतः ओढल्या, आटे पाडले. आयुष्यभर जे केलं तेच होतं, तेवढा एक दिवस मला कुठे अडखळायला झालं नाही.

मूळ गिटारीतली खरी कमजोरी माथ्यापाशी आहे. माथा दांडीपासून मागे झुकलेला असतो आणि गिब्सन तो एकाच फळीतून कापून काढत असे. त्यामुळे नेमक्या झुकत्या जागी लाकडाच्या रेषा आडव्या तुटतात, त्यातच सळईच्या नटासाठी तिथे खळगा केलेला. गिटार स्टँडवरून पडली की मोडते ती तिथेच. गिब्सनच्या मोडलेल्या माथ्यांवर जगभरच्या दुरुस्तीवाल्यांची पोटं चालतात, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. त्यातून बारा खुंट्यांचा माथा लांब आणि जड. कोणताही सुतार इथे तिरकस जोड देईल आणि रेषा माथ्याच्या दिशेने वळवेल. मीही तसाच जोड दिला. शुद्धतावादी नाक मुरडतील. पण ताणाचा हिशेब करून पाहा. सहा तारांच्या साध्या संचाचा एकूण ताण पंचेचाळीस किलोच्या आसपास, बारा तारांचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही मिळून सव्वाशे किलोच्या वर वजन त्या लाकडाला दिवसरात्र ओढत असतं. दांड्या अंगाला चिकटवल्या त्या मात्र जुन्या पद्धतीने, खोबणीत कुसू बसवून, सरसाने. सरस गरम करताना घरात जो वास सुटतो त्याबद्दल मी घरच्यांची जाहीर माफी मागतो.

आता शिकलेल्या माणसाची चूक. मूळ गिटारीचं वजन साडेपाच-सहा किलो. दोन तास खांद्यावर घेऊन उभं राहणाऱ्यांची मला कीव आली. म्हणून मी अंगात दोन मोठे पोकळ कप्पे काढले. वजन एक किलोने कमी झालं आणि मी खूश. जोडणी झाल्यावर पट्टा लावून उभा राहिलो आणि हात सोडला तर दोन्ही माथी सरळ जमिनीकडे गेली. गुरुत्वमध्य कुठे असतो हे मी तीस वर्षं प्रशिक्षणार्थ्यांना शिकवलं आहे. दोन दांड्या, दोन माथी आणि अठरा खुंट्या एका बाजूला. त्यांना तोलायला अंग जडच असावं लागतं. कॅलमाझूवाल्यांना ते ठाऊक होतं की त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता, कोण जाणे. पण ते भरीव ओंडक्यासारखं अंग आळसातून आलेलं नव्हतं. मी कप्प्यांत तुनीचे ठोकळे परत बसवले, पट्ट्याची खुंटी पुढच्या शिंगाच्या टोकाकडे सरकवली, तेव्हा कुठे ती आडवी राहू लागली.

पिकअपने मात्र मला खरा घाम फोडला. इलेक्ट्रिक गिटारीत चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो फेरे असतात. वर पोलादी तार हलली की त्या फेऱ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उठतो, तोच ॲम्प्लिफायरमधून आवाज होऊन येतो. पण ही गुंडाळी आकाशवाणीच्या एरियलसारखी घरातल्या वायरिंगची गुणगुणही पकडते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने त्यावर सुंदर तोड काढली. एकाऐवजी दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी ठेवायच्या, दोघींची चुंबकाची टोकं उलटी आणि जोडणीही उलटी. तारेचा सूर दोघींत मिळून वाढतो, बाहेरची गुणगुण मात्र एकीत सुलट आणि दुसरीत उलट येऊन आपोआप पुसली जाते. म्हणून नाव हंबकर. सुरुवातीची काही वर्षं पिकअपच्या पोटावर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी असे. त्या चिठ्ठीवरून आज संग्राहक लाखो रुपये मोजतात. पेटंट मिळाल्यावर पुढे चिठ्ठीवर जो क्रमांक छापला तो भलत्याच वस्तूचा, गिटारीच्या मागच्या पट्टीच्या पेटंटचा. प्रतिस्पर्ध्यांना खरं पेटंट सापडू नये म्हणून, असं सांगतात. आपल्या सरकारी कचेऱ्यांत असले क्रमांक काहीही न ठरवता चुकतात.

प्रत्येक गुंडाळीला साधारण पाच हजार फेरे. चार पिकअप, आठ गुंडाळ्या, चाळीस हजार फेरे. जुन्या शिलाई मशिनची मोटर घेतली आणि मोजणीसाठी खिशातला कॅल्क्युलेटर. १ अधिक १ करून ठेवायचं आणि बरोबरच्या बटणाच्या दोन तारा एका रीड स्विचला जोडायच्या. फिरत्या चकतीवर चुंबक चिकटवला की दर फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. तिथवर सगळं छान. पुस्तकांत लिहिलेलं असतं, ४२ गेजची तार. मी बुधवार पेठेत जाऊन ४२ गेजची तार घेऊन आलो आणि दोन हजार फेरे व्हायच्या आत बॉबिन भरून वाहू लागली. डोकं खाजवून थकलो. मग मायक्रोमीटर लावला. अमेरिकन ४२ गेज म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. आपल्या बाजारात मिळतं ते ब्रिटिश मापाचं, आणि त्या मापात ४२ म्हणजे ०.१०२. नाव एकच आणि जाडी दीडपटीहून जास्त. आपल्याला हवी ती तार दुकानात ४६ नंबर म्हणून मागायची. जो कुणी या वाटेला जाईल त्याने हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं.

केसापेक्षा बारीक तार श्वासाने तुटते. अकरा वेळा तुटली. पूर्ण झालेले पिकअप मोजले तर कुणाचा रोध ७.४ किलोओहम, कुणाचा ८.३. निराश होणार होतो, पण जुन्या गिब्सनमध्येही असाच फरक सापडतो. तिथल्या यंत्राला आपोआप थांबायची सोय नव्हती, कामगार अंदाजाने थांबवायचे. ज्या ‘जादुई’ आवाजावर आज ग्रंथ लिहिले जातात, त्यातली थोडी जादू चहाच्या सुट्टीची असावी.

रंगाचं सांगायचं तर मी जुलैत हात घातला, हीच घोडचूक. मूळ गिटारीवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. आपले पॉलिशवाले त्याला एनसी म्हणतात. त्यातला थिनर भराभरा उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवेतली आर्द्रता त्या गार पापुद्र्यावर दव पडावं तशी बसते. लाल गिटार सकाळी पाहिली तर दुधावर साय धरावी तशी पांढुरकी झालेली. दोनदा खरवडली. एका म्हाताऱ्या पॉलिश मिस्त्रीने सांगितलं, "साहेब, दिवाळीनंतर या." दिवाळीनंतर सहा दिवसांत काम झालं. जुनी दिसावी म्हणून मुद्दाम ओरखडे पाडणारेही असतात, परदेशात तर त्याचे वेगळे पैसे घेतात. मला ते नव्या वाड्याच्या तुळयांना काजळी फासण्यासारखं वाटतं. ओरखडे आपोआप पडतील, आमच्या घरात तर लवकरच.

शेवटची तडजोड ब्रिजची. तारा जिथे टेकतात तिथे सहा बारीक खोगिरं असतात, प्रत्येक पुढेमागे सरकवून त्या तारेचा सूर वरच्या पडद्यांवरही खरा राहील असा बसवायचा. पण बारा तारांना खोगिरं सहाच. जाड तार आणि तिची बारीक जोडीदारीण एकाच खोगिरावर, आणि दोघींना हवी असते वेगवेगळी जागा. मध्यावर ठेवलं की दोघीही थोड्या थोड्या नाराज. आता बारा खोगिरांचे ब्रिज मिळतात. मी इथे मात्र मूळचे सहाच ठेवले, कारण ती थोडीशी नाराजी हाच त्या आवाजाचा भाग आहे, हे मला दोन आठवडे ऐकून पटलं.

एक गोष्ट कागदावरून कळली नव्हती, हातात आल्यावर कळली. मधल्या खटक्याला तीन जागा आहेत, वरची दांडी, खालची दांडी आणि मध्ये दोन्ही. दोन्ही चालू ठेवून खालच्या सहा तारांवर वाजवलं की वरच्या बारा तारा न छेडता गुणगुणू लागतात. सतारीच्या तरफेसारख्या. मॅक्लॉक्लिनने दोन दांड्यांची गिटार सोडल्यावर झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर ‘शक्ती’ हा समूह सुरू केला, तेव्हा त्याच्या अकूस्टिक गिटारीवर खरोखरीच्या तरफा बसवून घेतल्या होत्या. त्याचं बीज या मधल्या खटक्यात होतं का, हे मी ठामपणे म्हणणार नाही. पण वरची दांडी मी आता मुद्दाम यमनाच्या सुरांना लावून ठेवतो. गुणगुण नको असेल तेव्हा मात्र खटका विसरून चालत नाही, नाहीतर साधं गाणंही देवळात वाजवल्यासारखं घुमतं.

सगळं मिळून चौदा महिने लागले. वजन भरलं ५ किलो ७०० ग्रॅम. पुतणी वाजवते, मी ऐकतो. तुम्हाला करायची असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पावसाळ्यात रंगाला हात लावू नका. आणि बारा तारांच्या संचात तिसऱ्या जोडीतली जी सर्वांत बारीक तार असते, ०.००८ इंचाची, ती एकदम डझनभर आणा; बाकी काही तुटो न तुटो, ती तुटणारच.